सयाजीरावांची वंशावळ

प्रत्येक मनुष्यास एखादे निरुपयोगी वाचन प्रिय असते. कोणी जुनी पंचांगे चाळतो, कोणी रेल्वेची वेळापत्रके मुखोद्गत करतो. आमच्या परिचयाचे एक लेखापाल शब्दकोशाचे एक पान वाचल्यावाचून निजत नाहीत. आम्हांस शर्यतीच्या घोड्यांच्या वंशावळी वाचण्याचा छंद आहे. हे ऐकून वाचकांच्या भुवया उंचावतील, याची आम्हांस कल्पना आहे. जबलपुरातील आमच्या कार्यालयात ही वार्ता प्रथम फुटली, तेव्हा आमच्या समोरच्या मेजावरील गृहस्थांनी "बाबूजी, आप और घोड़ा?" एवढाच प्रश्न केला, परंतु तो विचारताना त्यांची दृष्टी आमच्या भविष्यनिर्वाह निधीच्या कागदांकडे गेली होती. म्हणून प्रथमच सांगून टाकतो की, आम्ही आजवर कोणत्याही घोड्यावर एक रुपयाही लावलेला नाही. घोड्यावर बसण्याचा प्रसंगही लग्नाच्या दिवशी एकदाच आला, आणि तोही बँडवाल्यांच्या देखरेखीखाली.

छंदाचे मूळ घरात आहे. आमचे वडील पुण्याजवळच्या एका स्टडफार्मवर तीस वर्षे नोंदणीकारकून होते. कोणती घोडी कोणत्या वळूस केव्हा दाखविली, केव्हा फळली, शिंगरू केव्हा झाले, त्याचा रंग कोणता, कपाळावर चांद आहे की नाही, अंगावर भोवरे कोठे कोठे आहेत, हे सारे त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात उतरत असे. इतर मुले रामरक्षा पाठ करीत, त्या वयात आम्ही तीही केली आणि जोडीला 'फारोसचा निअर्को, निअर्कोचा नासरुल्ला' हेही म्हणू लागलो. वडिलांनी मुद्दाम शिकविले असे नव्हे. कारकुनाच्या घरात कागद सांडलेले असतात, आणि मुले ते वेचतात.

वळूच्या वंशावळीचे पान कसे वाचावे, हे येथे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. पान आडवे असते. डावीकडे घोड्याचे नाव. उजवीकडे सरकत जावे तसे मातापिता दोन, आजे-आज्या चार, मग आठ, सोळा आणि बत्तीस. पाच पिढ्यांत बासष्ट नावे होतात. वरच्या अर्ध्या भागात पित्याचे कूळ, खालच्या अर्ध्या भागात मातेचे. एकच नाव दोनदा आढळले, तर जाणता पैदासकार बोट ठेवून 'तीन बाय चार' असे काही पुटपुटतो. म्हणजे तो पूर्वज एका बाजूने तिसऱ्या आणि दुसऱ्या बाजूने चौथ्या पिढीत आहे. आपल्याकडे सगोत्र विवाह वर्ज्य. तिकडे मात्र योग्य अंतरावरील सगोत्रता हा कित्येकदा गुण समजला जातो. ज्योतिषी पत्रिका जुळवितात त्याच गांभीर्याने हे लोक वळू आणि घोडी यांचे गुण जुळवितात. आणि फळही बहुधा तितकेच अनिश्चित असते.

या जातीचे सर्व घोडे पौर्वात्य रक्ताच्या तीन आदिपुरुषांपर्यंत पोहोचतात. कॅप्टन बायर्ली ज्याच्यावर बसून १६९० साली बॉइनच्या लढाईत उतरला तो बायर्ली टर्क. १७०४ साली अलेप्पोत विकत घेतलेला डार्ली अरेबियन. आणि त्यानंतर पाव शतकाने इंग्लंडात पोहोचलेला गोडोल्फिन अरेबियन. आजच्या थरोब्रेड नरांपैकी सुमारे ९५ टक्के नरांची पितृपरंपरा एकट्या डार्ली अरेबियनाशी जाऊन भिडते, हे जनुकशास्त्रज्ञांनी दाखविले आहे. गोडोल्फिनविषयी एक गोड आख्यायिका आहे. त्याची नेमणूक म्हणे वळू म्हणून नव्हतीच. घोडी माजावर आली आहे किंवा नाही, हे पाहण्यासाठी प्रथम एक दुय्यम घोडा तिच्यापुढे आणतात. आर्जव त्याने करायचे, लाथा त्याने खायच्या, आणि घोडी अनुकूल झाली की त्यास बाजूला ओढून बड्या घराण्यातील वळूस पुढे आणायचे. गोडोल्फिन हा असा दुय्यम घोडा होता. परंतु रोक्साना नामक घोडीने बड्या वळूस साफ नाकारले आणि यालाच वरले. सरकारी कार्यालयात टिपणी कोण तयार करतो आणि स्वाक्षरी कोण करतो, हे ज्यांस ठाऊक आहे, त्या आमच्या वाचकांस या कथेचे मर्म वेगळे समजावून सांगावयास नको.

नियमही मोठे कडक. १७९१ साली जेम्स वेदरबी याने 'जनरल स्टडबुका'चा उपोद्घात प्रसिद्ध केला, तेव्हापासून ज्याचे नाव पुस्तकात तोच कुलीन. कृत्रिम रेतनाने झालेल्या शिंगरास आजही या पुस्तकात स्थान नाही; वळू आणि घोडी यांची प्रत्यक्ष भेटच व्हावी लागते. घोडी सुमारे अकरा महिन्यांनी विते. जन्म कोणत्याही महिन्यात होवो, उत्तर गोलार्धात सर्वांचे वय एक जानेवारीपासून मोजतात. गावच्या मास्तरांनी ज्यांची जन्मतारीख सरसकट एक जून लावली, अशा आमच्या पिढीच्या वडीलधाऱ्यांस यात नवल वाटू नये. आणखी एक नियम मात्र आम्हांस लहानपणापासून विचार करावयास लावीत आला आहे. एका वळूची एका हंगामात शंभरावर शिंगरे होऊ शकतात. म्हणून दोन घोड्यांचा पिता एक असला, तरी त्यांस भावंडे म्हणण्याचा प्रघात नाही. भावंडे म्हणावयाची ती एका आईची. पितृकुलाचा एवढा बडिवार मिरविणाऱ्या या व्यवसायात नाते मात्र आईवरून ठरते.

आता ज्याचे नाव या लेखास दिले आहे, त्या सयाजीरावांकडे वळतो. वाचकांच्या मनात बडोद्याचे महाराज उभे राहिले असतील. त्यांच्याकडेही आपण जाणारच आहोत. परंतु प्रथम दुसरे सयाजीराव, जे चार पायांचे होते.

हा घोडा १९४४ साली इंग्लंडात जन्मला. पिता निअर्को, माता रोझी लेजंड. निअर्को हा फेदेरिको तेसिओ या इटालियन पैदासकाराचा १९३५ सालचा घोडा. चौदा शर्यती धावला आणि चौदाही जिंकला. १९३८ साली तो साठ हजार पौंडांना इंग्लंडात विकला गेला, आणि युद्धकाळात न्यूमार्केट येथे त्याच्यासाठी बॉम्बपासून बचावाचे स्वतंत्र आश्रयस्थान बांधण्यात आले होते. गंमत अशी की, निअर्कोच्या आईसाठी तेसिओस हवा होता तो फेअरवे नावाचा वळू. त्याच्याकडे जागा मिळाली नाही, म्हणून त्याच्याच सख्ख्या भावावर, फारोसवर, समाधान मानावे लागले. जगातील बहुसंख्य उत्तम घोड्यांच्या रक्तात आज जो निअर्को आहे, तो अशा एका नकाराच्या पोटी आला.

सयाजीरावास दान्ते नावाचा दोन वर्षांनी मोठा सख्खा भाऊ होता. त्यास वर्षाचा असताना विक्रीस काढले, तेव्हा ठरविलेली साडेतीन हजार गिनींची किंमत कोणी दिली नाही. तो मालकाकडेच राहिला आणि १९४५ सालची डर्बी जिंकून गेला. मग काय विचारता! त्याच वर्षी धाकटा बाजारात आला आणि बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांनी त्याच्यासाठी अठ्ठावीस हजार गिनी मोजल्या. वर्षाच्या शिंगराला इतकी किंमत तोवर तेथे आली नव्हती. महाराजांनी त्यास आपल्या आजोबांचे नाव दिले. १९४७ साली सयाजीराव डर्बीत तिसरा आला, आयरिश डर्बी त्याने जिंकली, आणि सप्टेंबरात सेंट लेजर ही सुमारे २९०० मीटरांची दीर्घ शर्यत अवघ्या डोक्याच्या अंतराने मारली. देश स्वतंत्र होऊन महिना होतो न होतो तोच डॉनकास्टरच्या मैदानावर एका मराठी नावाचा जयघोष झाला. तेथील लोकांनी त्या नावाचा उच्चार कसा केला असेल, याची कल्पना करून आमचे वडील अजूनही हसतात.

पुढे तो आयर्लंडात वळू म्हणून ठेवला गेला. वळू या नात्याने त्याचे मूल्यमापन करावयाचे तर असे म्हणावे लागेल की, त्याने दम दिला, झपाटा दिला नाही. त्याची कन्या ग्लॅडनेस १९५८ साली अॅस्कॉटचा सुवर्णचषक जिंकली. लिंक्रिस ही दुसरी कन्या १९६० ची आयरिश ओक्स जिंकली. पुत्र इंडियाना याने १९६४ साली बापाचीच सेंट लेजर पुन्हा मारली. सगळ्या लांब पल्ल्याच्या शर्यती. परंतु काळ झपाट्याचा येत होता. आखूड पल्ल्याची, दुसऱ्याच वर्षी पैसे फेडणारी घोडी लोकांस हवी होती. आणि दमदार वळूंच्या वाट्यास उत्तम घोड्या येईनाशा झाल्या. भाऊ दान्ते पुढे आंधळा झाला, तथापि त्याची पितृपरंपरा डेरियस नामक पुत्राद्वारे कितीतरी अधिक चालली. ध्यानात घ्या, दोघांची ती बासष्ट नावे एकच, अक्षरशः एकच. एकास साडेतीन हजारांस गिऱ्हाईक नाही, दुसऱ्यास अठ्ठावीस हजार. एकाचा वंश चालला, दुसऱ्याचा मंदावला. पानावर मात्र दोघांत अनुस्वाराचाही फरक नाही.

हा सारा तपशील आम्ही पूर्वी केवळ मौजेखातर वाचीत होतो. गेल्या वर्षी मात्र तो निराळ्याच कारणाने डोळ्यांपुढे येऊ लागला.

आमच्या विवाहास दहा वर्षे होऊन गेली. संतती नाही. वैद्यांचे, डॉक्टरांचे, देवादिकांचे जे उपाय असतात ते झाले. त्यांचे वर्णन करून वाचकांस कष्टवीत नाही. ज्या घरांतून ते झाले आहेत, त्यांस ते ठाऊक आहेत, आणि इतरांस ठाऊक होऊ नयेत हेच बरे. अखेरीस आम्ही उभयतांनी दत्तकासाठी केंद्रीय प्राधिकरणाकडे नाव नोंदविले. समाजसेविका घरी येऊन गेल्या, त्यांनी घर पाहिले, पगारपत्रक पाहिले, आणि आमच्या पुस्तकांच्या कपाटाकडे पाहून "एवढे घोडे कशाला?" असेही विचारले. मग वर्षांमागून वर्षे प्रतीक्षा. आणि एके दिवशी एका परप्रांतीय संस्थेतील बालिकेची माहिती संगणकावर आली. वय सात महिने. छायाचित्र एक. वजन, उंची, डोक्याचा घेर, टोचलेल्या लशींची यादी. माता व पिता यांच्या रकान्यांत एकच शब्द: अज्ञात. होकार देण्यास मुदत अठ्ठेचाळीस तासांची.

घरात दूरध्वनी सुरू झाले. आमच्या आत्यांचा स्वभाव रोखठोक आहे. त्यांनी लहानपणी आम्हांस अंगाखांद्यावर वागविले असल्याने त्यांस तो अधिकारही आहे. त्या म्हणाल्या, "अरे, घोडं घेताना तुझ्या बापाचे मालक सात पिढ्या बघायचे. आणि तू पोर आणतोयस, तिची आई कोण तेही ठाऊक नाही? खाण तशी माती, बाबा. मी वाईट म्हणून बोलत नाही."

आत्या वाईट म्हणून बोलत नव्हत्याच. त्यांच्या बोलण्यात जे होते ते आम्हांसही दिसत होते. म्हणून ते झटकून टाकणे आम्हांस अप्रामाणिकपणाचे वाटले. वंशावळीस काही अर्थच नसता, तर शहाणी माणसे तीनशे वर्षे ती लिहीत बसली नसती. निअर्कोची मुले निरर्थक योगायोगाने धावली नाहीत. घोड्यांच्या स्नायूंतील एका जनुकाचे भेद पाहून कोणता घोडा आखूड पल्ल्याचा आणि कोणता लांब पल्ल्याचा, याचा अंदाज बांधता येतो, असे डब्लिनच्या संशोधकांनी २०१० साली दाखविले. माती खाणीची असते, हे खरेच. ती रात्र आम्ही जागून काढली. आमची पत्नी मात्र काहीच बोलत नव्हती. ते छायाचित्र तिने स्वयंपाकघरात नेऊन डब्यांच्या फळीला टेकवून ठेवले होते.

त्या रात्री आम्हांस आठवला तो प्रतापसिंहरावांचाच आणखी एक घोडा. त्याचे नाव 'माय बाबू'. आम्हां कारकुनांस हे नाव किती जवळचे वाटावे! हा फ्रान्समध्ये १९४५ साली जन्मला. त्याच्या रक्तात मोठा दोष होता, म्हणजे पुस्तकाच्या दृष्टीने. अमेरिकेत लेक्झिंग्टन नावाचा १८५० सालचा एक महान वळू होऊन गेला. तो आंधळा झाला, तरी सोळा वर्षे तेथील वळूंत अग्रगण्य राहिला. परंतु अमेरिकेतील अनेक कुळांच्या नोंदी यादवी युद्धाच्या धामधुमीत हरवल्या होत्या, आणि लेक्झिंग्टनच्या पूर्वजांपैकी काहींची नावे इंग्लंडच्या पुस्तकात सापडत नव्हती. १९१३ साली लॉर्ड जर्सी यांच्या पुढाकाराने इंग्लंडने ठरविले की, ज्याचा प्रत्येक पूर्वज आमच्या पुस्तकात सापडत नाही, तो घोडा थरोब्रेडच नव्हे. मग तो कितीही धावो. एका फटकाऱ्यासरशी हजारो घोडे 'अर्धजात' ठरले. ते शर्यती जिंकत. परंतु त्यांच्या पानावर कलंक. छत्तीस वर्षे हा बहिष्कार चालला.

१९४८ साली माय बाबूने न्यूमार्केट येथे दोन हजार गिनींची मानाची शर्यत मारली. त्याच वर्षी ब्लॅक टार्क्विन या दुसऱ्या 'अर्धजाता'ने सेंट लेजर मारली. पुढच्याच वर्षी, १९४९ साली, पुस्तकाने आपला नियम बदलला. पुस्तक फार न्यायी झाले होते असे नव्हे. जे मैदानात दिसत होते ते पानात न दिसल्यास हसे पानाचे होईल, एवढे त्यास समजले. 'अज्ञात' हा शब्द त्या घोड्यांच्या अंगावर कोठेच नव्हता. तो हरवलेल्या वहीचा होता. वही हरवते ती कारकुनाकडून, युद्धाकडून, दारिद्र्याकडून. शिंगराने काही हरवलेले नसते. आमच्यापुढच्या त्या रकान्यातही एका मुलीविषयी काही लिहिलेले नव्हते. एका स्त्रीस आपले नाव सांगता येऊ नये अशी काही परिस्थिती होती, एवढेच तेथे लिहिले होते.

आणि मग आम्हांस दोन पायांचे सयाजीराव आठवले. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा गोपाळराव हा बारा वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा, अक्षरशत्रू. १८७५ साली मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले, आणि खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाई यांनी या मुलास दत्तक घेतले. तेथेही कूळ पाहिले होतेच, हे आत्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. मुलगा गायकवाडांच्याच दूरच्या शाखेतील होता. परंतु त्या शाखेत मुले अनेक होती आणि कूळ सर्वांचे एकच होते. कुळामुळे तो दारापर्यंत आला. पुढे माधवरावांसारखे दिवाण आणि इलियटसारखे शिक्षक लाभले, आणि त्या मुलाने अभ्यासास बसण्याचे ठरविले. त्यानेच पुढे १९०६ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि एका तरुण आंबेडकरांस परदेशी शिकावयास पाठविले. बडोद्यास नोकरीनिमित्त राहिलेल्या आमच्या वाचकांस त्यांचे कार्य पदोपदी दिसले असेल.

त्यांचे नातू प्रतापसिंहराव. त्यांची वंशावळ, घोडेवाल्यांच्या भाषेत, निर्दोष होती. आजोबांची इच्छा स्मरून त्यांनी १९४९ साली बडोद्याचे विद्यापीठ स्थापिले, हे त्यांचे मोठे पुण्य. परंतु संस्थानाच्या तिजोरीतून झालेल्या खर्चाचे प्रश्नही त्यांच्याच कारकिर्दीत उठले, आणि १९५१ साली भारत सरकारने त्यांची मान्यता काढून घेतली. आम्ही कोणास दोष देण्यास बसलो नाही. एवढेच मनात आले की, ज्या आजोबांचे नाव त्यांनी अठ्ठावीस हजार गिनींच्या घोड्यास दिले, ते स्वतः कोणत्याही बाजारात बोली लागण्याजोगे नव्हते. शेतावरून आणलेले एक निरक्षर पोर!

पहाटे आम्ही वडिलांस फोन केला. ते उठलेलेच होते, स्टडफार्मची सवय. आम्ही लेक्झिंग्टन, माय बाबू, सयाजीराव असे सारे एका दमात सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "तुझं पाठांतर चांगलं आहे. पण एक सांगतो. वंशावळ लागते ती घोडा विकायला. पोसायला चंदी लागते. तुला पोर विकायची आहे का?"

"नाही."

"मग पान कशाला मागतोस?" थोडे थांबून ते पुढे म्हणाले, "शिंगराला बाप कोण ते कधीच माहीत नसतं. सकाळी खरारा करणारा मोतद्दार त्याला माहीत असतो. त्याच्या पायांचा आवाज आला की ते कान टवकारतं. तीस वर्षं मी वळूंची नावं लिहिली. शिंगरू कान टवकारतंय कोणाला, तो रकानाच नव्हता वहीत."

नऊ वाजता आम्ही होकार नोंदविला.

पुढील सोपस्कार येथे सांगत बसत नाही. पूर्वी अशा कामी न्यायालयात जावे लागे. २०२२ पासून जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा आदेश पुरतो. आमच्या कार्यालयाने पंधरा दिवसांची पितृत्व रजा विनातक्रार मंजूर केली. आम्ही नियमपुस्तिका आजवर हजार वेळा उघडली असेल. परंतु कुटुंबाच्या व्याख्येत विधिवत दत्तक घेतलेले अपत्य इतर अपत्यांच्याच ओळीत, त्याच अक्षरांत छापलेले आहे, हे वाचून प्रथमच त्या रुक्ष ग्रंथाविषयी माया वाटली. इंग्लंडच्या स्टडबुकास जे समजावयास छत्तीस वर्षे लागली, ते आमच्या पेन्शनच्या नियमांस आधीपासून ठाऊक आहे.

मुलीबरोबर आली ती एक लसींची पत्रिका. त्यावरील काही लसी पुण्यात बनलेल्या. या उद्योगाचे मूळही घोड्यांतच आहे. पूनावाला कुटुंबाच्या १९४६ साली स्थापन झालेल्या स्टडफार्मवरून निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेस दिले जात. त्यांच्या रक्तापासून धनुर्वाताविरुद्धचे औषध तयार होई. त्यातूनच १९६६ साली पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. म्हणजे ज्या घोड्यांच्या वंशावळी कधीच मिटून ठेवल्या गेल्या, त्यांनी अशा कितीतरी मुलांस रक्त दिले, ज्यांची त्यांच्याशी कोणतीही सोयरीक नव्हती. आत्यांस हे सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "बोलण्यात तू कधी हरलायस?" आणि मग, "तिचं जावळ काढायला मी येणार. तारीख मला विचारून ठरवा."

आत्या आल्या, वडीलही आले. नर्मदेवर ग्वारीघाटास जाऊन आलो. वडिलांनी पिशवीतून आमच्या घराण्याची वंशावळ काढली. आजोबांनी तीर्थोपाध्यांच्या वहीवरून उतरवून घेतलेली, घड्यांवर फाटलेली. सव्वादोनशे वर्षांची नावे, सारी पुरुषांची. बायकांची नावे बव्हंशी नाहीत. आमच्या कुळात आई या रकान्यात किती 'अज्ञात' आहेत, हे आम्हांस त्या दिवशी प्रथम दिसले. आमच्या नावाखाली वडिलांनी लहानशी रेघ ओढली आणि मुलीचे नाव लिहिले. मग कंस करून, जुन्या सवयीने, त्यांनी आधी आईचे नाव लिहिले.

आमची पत्नी पाठीमागून पाहात होती. "पुन्हा एकदा वाचून दाखवा," ती म्हणाली. वडिलांनी चष्मा पुसला आणि शिंगराची नोंद मालकास वाचून दाखवावी तशा खणखणीत आवाजात दोन्ही नावे पुन्हा वाचली.